दुसरी वेलांटी

एक काम लक्ष्मीपुरीत, धान्य ओळीच्या मागं,
माणगावे काकांच्या छापखान्यात.
लग्नपत्रिका तपासायच्या, आठ ते बारा.
महिन्याला साडेतीन हजार
आणि दहा वाजता अर्धा कप चहा,
तोही काकांचा पिऊन झाल्यावर, उरला तर.

दुसरं दाभोळकर कॉर्नरला, तिसऱ्या मजल्यावर.
तिथं तस्लीम वर्षभर आहे.
कानाला हेडफोन, समोर यादी,
हप्ते थकलेल्यांना फोन करायचे.
वेळ तीच, आठ ते बारा.
सात हजार. वसुली झाली तर वर काहीतरी.
एसी एवढा, की भर वैशाखात स्वेटर.

मेसच्या चपात्या लाटता लाटता आई म्हणाली,
"ह्यात इचार कसला करायलाईस?
सात आन् साडेतीन.
शाळंत गणित न्हवतं काय तुला?"
होतं. एकोणसत्तर मार्क होते.
परीक्षेची फी, बसभाडं,
धाकट्याच्या चष्म्याची तडकलेली काच:
वहीच्या मागच्या पानावर मांडून बघितलं,
दर वेळी उत्तर दाभोळकर कॉर्नरच आलं.

तरी बुधवारी छापखान्यात बसून बघितलं.
शाईचा वास, कटिंग मशीनचा धप्प,
आणि "आमच्या येथे श्रीकृपेकरून"
सकाळपासून एकोणीस वेळा.
मग कसबा बावड्याची एक पत्रिका आली.
नवरा मुलगा चि. रणधिर उलपे.
मी लाल पेननं पहिली वेलांटी खोडली,
दुसरी दिली.
काका चष्म्यावरून बघत म्हणाले,
"घरच्यांनी तसंच लिहून दिलंय."
म्हटलं, "चुकीचं दिलंय. धीर दीर्घ असतो."
काका काही बोलले नाहीत.
त्या दिवशी चहा पूर्ण कप आला.

शुक्रवारी तिसऱ्या मजल्यावर.
तस्लीमनं खुर्ची ओढून दिली.
"आवाज चढवायचा न्हाई, उतरवायचा बी न्हाई.
एका पट्टीत बोलत ऱ्हायचं."
यादीत अकरावं नाव:
रणधिर उलपे, कसबा बावडा,
दुचाकी, तीन हप्ते.
पहिली वेलांटी.
इथं लाल पेन नव्हतं.

फोन लावला.
पलीकडं कुणीतरी मांडवाचे वासे मोजत होतं,
सतरा, अठरा.
मी कागदावरचं वाक्य वाचलं, एका पट्टीत.
तो म्हणाला,
"लग्न हाय हो ताई एकवीस तारखेला.
जरा धीर धरा."

धी त्यानं बरोबर म्हटला.
जेवढा लांबवायला हवा, तेवढाच.

मग रकान्यात काय भरायचं तेच सुचेना.
तस्लीमनं माझ्या हातातून माउस घेतला,
"मुदत मागितली"वर टिचकी मारली
आणि बारावा नंबर लावून दिला.
ती वाईट नाही. बहिणीचं नर्सिंग
ह्याच खुर्चीवर बसून चालवलंय तिनं.
सात हजारांत लाजण्यासारखं काही नाही,
हेही इथं लिहून ठेवते.

शनिवारी काकांना अर्ज दिला:
दरमहा पाचशे रूपये वाढवून मिळावेत.
काकांनी माझंच लाल पेन उचललं.
"रूपये"चा दुसरा उकार खोडला, पहिला दिला.
"रुपया ऱ्हस्वच असतो, पोरी."
मग खाली वाकून पाचशेचे तीनशे केले
आणि सही केली.

सोमवारी सात चाळीसची केएमटी.
दाभोळकर कॉर्नरला तस्लीम उतरली,
खालून खिडकीवर दोन बोटं वाजवली:
उतर की.
मी तिकीट दाखवलं, पुढच्या स्टॉपचं.
ती हसली, का सकाळचं ऊन डोळ्यावर आलं तिच्या,
कळलं नाही, बस निघाली.

तीन हजार आठशे.
आईला अजून सांगितलेलं नाही.
धाकटा तडकलेली काच हातानं झाकून
एका डोळ्यानं वाचतो आहे.